उलटा सेट

"वहिनी, तो भोंगा आधी बंद करा बरं," घड्याळवाले म्हणाले.

ते माइकमध्ये बोलले की शिंपीणबाईंच्या मांडीवरचा, हातात धरायचा छोटा वायरलेस सेट किंचाळायचा. पोराच्या खेळण्याच्या किमतीला मिळालेलं ते डबडं, गावच्या वायरलेस क्लबात कुणी त्याला सेट म्हणायलाच तयार नव्हतं. घेतल्यापासून आठ दिवस बाईंना त्यावर धड काही ऐकू येत नव्हतं, आणि त्या बोलल्या तर डोंगरावरचा रिपीटर ढिम्म हलत नव्हता. बाईंनी आवाज कमी केला. बंद काही केला नाही.

माथ्यावरचं ते यंत्र खालचा आवाज एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतं आणि तोच दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर गावभर सांगतं. त्याच्या अँटेनाची तार सैल झाली म्हणून बाईंचा नवरा, रिटायर झालेला पोस्टमन, सकाळी सातला वर गेला होता. तार बांधली गेली होती. रिपीटर ठणठणीत बोलत होता. पोस्टमनचाच पत्ता नव्हता.

आता साडेदहा झाले होते. वर धुकं असं की स्वतःचा हात दिसू नये, आणि मोबाइल तिकडे चालतच नाही. बेकरीवाला सेट आणि दोन माणसं घेऊन पायवाट धुंडाळत होता. इकडे घड्याळवाल्यांच्या दुकानात क्लबाची बाकी मंडळी जमली होती, आणि मागच्या टेबलावर, मोठ्या सेटशेजारी, पोस्टमनचा न्याहारीचा डबा तसाच पडला होता. इन्सुलिन टोचून घेतलं आणि खायचंच विसरून गेला हा शहाणा. साखर उतरत गेली की माणूस आधी बरळतो आणि मग झोपतो, हे बाईंनी एकदा घरात पाहिलं होतं. दुसरं काही त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

"पोस्टमन, ऐकताय का? ओव्हर." घड्याळवाल्यांनी विसाव्यांदा विचारलं आणि पाण्याचा घोट घेतला.

मोठा सेट गप्पच राहिला. बाईंच्या मांडीवरून बारीक आवाज आला.

"अगं, मघापासून बोंबलतोय मी. बहिरे झालात का सगळे?"

बाईंनी बटण दाबलं. "अहो, कुठे आहात?"

त्यांचा हा प्रश्न टेबलावरच्या मोठ्या सेटमधून जसाच्या तसा बाहेर पडला. घड्याळवाल्यांनी सेटकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि चष्मा काढला.

"वहिनी, तुम्ही फ्रिक्वेन्सीचे आकडे उलटे भरलेत. रिपीटर जिथे बोलतो तिथे तुम्ही बोलताय, आणि तो जिथे ऐकतो तिथे तुम्ही ऐकताय. म्हणून ते तुम्हाला थेट ऐकू आले."

"आणि तुम्हाला का नाही आले?"

"त्यांच्या सेटमध्ये टोन, म्हणजे ओळखीचा बारीक सूर, टाकायचा राहिला असणार. टोन नसेल तर रिपीटर कुणाला दारात उभं करत नाही. कुणी भरला तो सेट?"

"तोही मीच," बाई म्हणाल्या. दोन्ही सेट एकाच चिठ्ठीवरून, शिलाई मशीनवर बसून, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात भरले होते.

"द्या इकडे, मिनिटभरात नीट करतो." घड्याळवाल्यांचा हात पुढे आलाच. लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ दोन मिनिटं मागे दिसलं तरी त्या माणसाला घास जात नसे.

"हात लावायचा नाही." बाई त्यांच्याशी अशा कधी बोलल्या नव्हत्या. "आणि मी सांगितल्याशिवाय माइक दाबायचा नाही. तुम्ही बोललात की यांचा आवाज बुडतो."

घड्याळवाले क्लबाचे अध्यक्ष, पण मुकाट्यानं खाली बसले.

पोस्टमननं तुटक तुटक सांगितलं. जवळच्या वाटेनं उतरायला गेला, घसरला, पाय मोडला. जुन्या टाकीच्या खाली, गावाच्या अंगाला. बाईंनी मान डोलावली तेव्हा घड्याळवाल्यांनी तेवढंच एका वाक्यात बेकरीवाल्याला कळवलं आणि बोट काढलं.

"वीस मिनिटं लागतील," बेकरीवाला म्हणाला.

"मला जरा झोप येतेय गं," पोस्टमन म्हणाला.

बाईंचा आवाज निघाला तो रोजचा, भांडी घासताना ओरडायचा. "झोपायचं नाही. तुमची टपालाची फेरी सांगा. पहिल्या घरापासून."

"आत्ता?"

"आत्ता."

तो सांगू लागला. लोहार. दोघी बहिणी. मग डॉक्टर.

"डॉक्टरांच्या आधी कोण?"

बराच वेळ नुसती खरखर. "छत्रीवाला."

"मग गाळलात कसा? पुन्हा पहिल्यापासून."

तीनदा मागे आणलं त्यांनी त्याला. एवढ्या वर्षांत त्याच्या तोंडून ऐकून ऐकून ती फेरी त्यांनाच जास्त पाठ होती. तिसऱ्या खेपेला शाळेच्या फाटकाशी आवाज थांबला. बाईंनी हाक मारली. पुन्हा मारली. घड्याळवाल्यांचा हात माइककडे गेला आणि मागे आला. तेवढ्या वेळात बाईंनी कुठल्या कुठल्या देवाला काय काय नवस बोलून ठेवले ते त्या देवांनाच ठाऊक.

मग मोठा सेट बोलला. बेकरीवाल्याला धाप लागली होती.

"सापडले. तोंडात साखर घातली, आता डोळे उघडून पाव खाताहेत. शिळा आहे म्हणताहेत."

दुकानात एकच गलका झाला. कुणी टेबल बडवलं, कुणी कुणाला मिठी मारली. बाई रडत होत्या आणि रडता रडता नवऱ्याला शिव्या घालत होत्या, आणि एवढं सुख त्यांना कधी झालं नव्हतं. घड्याळवाल्यांनीही डोळे पुसले. मग त्यांना राहवेना.

"आता तरी द्या तो सेट. बरोबर करून देतो."

बाईंनी सेट पदरात गुंडाळला.

"मला त्यांचं ऐकू आलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "यापेक्षा बरोबर काय करणार तुम्ही?"