हेलिकॉप्टरच्या वहीतली सही

नेलिदा ओलिवेरानं येर्बाचा कडू चहा भरून मेजर इरासाबालच्या हातात दिला. त्यानं नळीनं तो संपवला आणि लगेच आभार मानले. म्हणजे पुन्हा भरू नका, निघायची घाई आहे.

तिचा विल्मार हवाई दलात मेकॅनिक, शांतिसेनेबरोबर काँगोत होता. महिन्यापूर्वी तिथं हेलिकॉप्टर कोसळलं आणि सहा जणांबरोबर तोही गेला. पेटी आली तीही मोहोरबंद, लेकाचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाही. आता मेजर चौकशीचा निकाल घेऊन आला होता.

“बाई, सांगायला जड जातंय,” तो म्हणाला. “शेपटाकडचा पंखा खराब होता. विल्मारनं तपासून ठीक आहे म्हणून सही केली. चूक त्याची ठरली.”

“आदल्या दिवशी फोनवर मला म्हणाला, नवा पंखा आल्याशिवाय मी सही करत नाही. वरून दटावतायत, पण करत नाही.”

“सही करणाऱ्यानं पहिल्या उड्डाणात बसायचं, हा आमचा रिवाज. तो बसला होता ना?”

“बसवला असेल.”

मेजरनं हेलिकॉप्टरच्या वहीतलं पान पुढे सरकवलं. खाली झोकात सही होती: विल्मार तेचेरा.

नेलिदा त्या नावाकडे बघत राहिली. तेचेरा हे त्याच्या बापाचं आडनाव. विल्मार चार वर्षांचा असताना तो दोघांना टाकून गेला, तो गेलाच. पलटणीच्या यादीत पोरगा तेचेरा, हाक मारायलाही तेचेरा. पण स्वतःच्या हातानं त्यानं ते नाव जन्मात लिहिलं नाही. सही कायम आईच्या आडनावानं करायचा. ज्या कुणी ही सही ठोकली, त्यानं यादी तेवढी पाहिली होती.

तिनं आतून विल्मारचं जुनं ओळखपत्र आणलं आणि पानाशेजारी ठेवलं. त्यावर सही होती, विल्मार ओलिवेरा. मेजरबरोबर आलेली तरुण लेफ्टनंट वाकून बघायला लागली, मग मान फिरवून बसली.

“घाईत माणूस कशीही सही करतो,” मेजर म्हणाला. त्यानं दुसरा कागद काढला. “इथं तुमची सही लागेल. निकाल मान्य आहे म्हणून. मग हे प्रकरण मिटलं.” त्यानं टोपण काढून पेन तिच्यासमोर ठेवलं.

नेलिदानं पेन उचललं आणि त्याच्याच हातात दिलं.

“माझीही तुम्हीच करा,” ती म्हणाली. “या खेपेला फक्त नाव आधी विचारून घ्या.”