देवपूरच्या वळणावरचा दगड

चारुलतानं चुन्याची रेघ दगडापर्यंत आणली आणि ती थांबली. रेघ पुढे न्यायची तर दगड हलवायला हवा होता, आणि त्याला हात लावायला दोन्ही मजूर तयार नव्हते.

"मॅडम, तेवढं सोडून काय ते सांगा," दोघं म्हणाले आणि लांब जाऊन उभे राहिले.

धुळ्यात देवपूरच्या बाजूला शाळेकडे जाणारा हा रस्ता. मुलांना चालायला आणि सायकलला वेगळी पट्टी आखून द्यायचं काम चारुलताच्या छोट्याशा संस्थेकडे आलं होतं. बाकी रस्ता बिनबोभाट आखून झाला. अडलं ते या वळणाशी.

नऊ वर्षांपूर्वी इथे रेशमा नावाची सातवीतली मुलगी सायकलसकट ट्रकखाली गेली होती. ती पडली तिथे हा शेंदूर फासलेला, गुडघाभर उंचीचा दगड. शाळा सुटली की इथे सायकलची घंटी ऐकू येते, असं मुलं शपथेवर सांगत. म्हणून दगड आला की कडेची जागा सोडून ती भर रस्त्यात उतरत आणि वळसा घालून पुढे जात. चारुलतानं एका दुपारी मोजलं. दोनशे बारा मुलं, आणि कडेनं एकही गेलं नाही. त्याच दुपारी एका टेम्पोच्या कडीत एका मुलीचं दप्तर अडकलं. मुलगी थोडक्यात वाचली. मेलेल्या पोरीला भिऊन जिवंत पोरं ट्रकपुढे जात होती, आणि याचा तिला संताप येत होता.

दगड हलवायचा तर मुलीच्या घरच्यांची लेखी संमती आणा, नाहीतर हे वळण सोडून पुढचं काम उरका, असं महापालिकेतून सांगणं आलं होतं. उद्या मुदतीचा शेवटचा दिवस होता.

"घरचे म्हणजे झुलाल नाना," शाळेचा शिपाई म्हणाला. "तिचा बाप. आई सुरतेला निघून गेली म्हणतात. मी इथे लागलो तेव्हापासून हा एकटाच येतो रोज. डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या."

नाना शाळा सुटायच्या वेळी यायचा. पायीच. सत्तरीचा, वाळलेला माणूस. दगड धुवायचा, फूल ठेवायचा आणि मग लाल फडकं घेऊन वळणावर उभा राहून गाड्या थांबवायचा. मुलं त्याला घाबरत, पण त्याचं ऐकत.

पहिल्याच भेटीत त्यानं चारुलताला हाताला धरून एका जागी उभं केलं होतं.

"आठे पाहाय, ताई. आठेतून चार पावलं सायकल दिखतच नही. ट्रकवाल्याले डावी बाजू आंधळी ऱ्हास."

चारुलतानं नंतर एका ट्रकच्या केबिनमध्ये चढून पाहिलं. बरोबर चार पावलं डावीकडचं काहीच दिसत नव्हतं. तिच्या नकाशात, मोजणीत, कशातच हे आलं नव्हतं. सगळी आखणी तिनं त्या चार पावलांभोवती बदलली. इतकी वर्षं उन्हात उभं राहून बापाचं काळीज काय काय शिकतं, असं तिच्या मनात आलं.

"किती वर्षं येताय, नाना?"

"सात."

"आणि आधीची दोन?"

"तवय मी नव्हतू आठे," एवढंच म्हणून नाना फडकं पिळत बसला. तिनं विषय बदलला.

"घंटीचं खरं आहे का हो?"

"पोरं खोटं नही बोलत. माले बी ऐकू येस."

आज मात्र चारुलता धीर करून दगडाशेजारी बसली. नाना नाही म्हणणार, हे धरूनच ती आली होती.

"नाना, हा दगड शाळेच्या आवारात नेऊ. चांगला ओटा बांधू. पण इथून काढू द्या. पोरं रस्त्यात उतरतात."

नानानं दगडावरून हात फिरवला. "हाऊ दगड मीच बसाडेल शे. वाटनं, गाड्या हळू जातीन. पोरंच घाबराले लागनात." मग त्यानं मान हलवली. "हलाड, ताई. आजच हलाड."

तिला रडू आलं. ते लपवायला तिनं घाईनं संमतीचा अर्ज काढला आणि कडेला लावलेल्या आपल्या स्कूटरच्या सीटवर ठेवून भरू लागली. मृताचं नाव, अपघाताची तारीख. वेळ तिला ठाऊक नव्हती.

"पाचले दहा कमी," नाना म्हणाला.

तिनं लिहिलं. पुढचा रकाना तिनं न विचारताच भरला आणि पेन त्याच्या हातात दिलं. "इथे सही करा."

नानानं पेन घेतलं, पण सही केली नाही. बोट ठेवून त्यानं अर्ज ओळीओळीनं वाचला. 'मृताशी नाते: वडील' या ओळीवर बोट थांबलं.

"हाई खोड, ताई."

"का, नाना? घरच्यांचीच सही लागते. नाहीतर हे वळण राहून जाईल."

शाळा सुटली. मुलांचा लोंढा वळणाकडे येऊ लागला. नानानं पेन तिला परत दिलं.

"लिख," तो म्हणाला. "त्या ट्रकना डायवर."