या हिवाळ्यात राखाडी

"या हिवाळ्यात राखाडी चालणार, आपा," ऐझिरेक म्हणाली आणि तिने रंगांचे नमुने जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर मांडले.

"राखाडी!" बुबुसारा म्हणाली. "चुलीतली राख काढून घरभर पसरायची, त्याला बिश्केकमध्ये फॅशन म्हणतात होय?"

ऐझिरेक हसली नाही. बिश्केकच्या एका सजावटीच्या दुकानासाठी ती वर्षातून दोनदा इकडची गावं पालथी घालायची आणि येत्या मोसमात कुठला रंग, कुठली नक्षी खपेल ते सांगायची. गेल्या वसंतात पिस्ता आणि दुधी होता, त्याआधी मोहरीचा पिवळा. बुबुसारा प्रत्येक रंगाची यथेच्छ टर उडवायची आणि मग मुकाट्याने लोकर रंगवायला बसायची.

आज ऐझिरेकसोबत सोरोनबाय आले होते. बुबुसाराच्या धाकट्या बहिणीचे, अनिपाचे ते थोरले दीर. डोलोन घाटापलीकडून, कोचकोरहून आले होते. अकरा वर्षांत त्या घरातलं कुणी या उंबऱ्याला शिवलं नव्हतं. शेजारची साकिनसुद्धा, कुणी बोलावलेलं नसताना, बुबुसाराला खेटून बसली होती. फुकटचा तमाशा बघायला आली असणार, असं बुबुसाराला वाटलं.

"कळलं मला, आके," ती सोरोनबायना म्हणाली. "धाकटीची वकिली करायला आलात."

"आधी चहा घे," ते म्हणाले. "पोटात काहीतरी जाऊ दे."

भांडण रंगावरूनच झालं होतं. नमद्याचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा, गालिचा करायचा तर एका रंगाचा नमदा दुसऱ्यावर ठेवायचा आणि एकाच सुरीनं दोन्ही एकदम कापायचे. लालातून निघालेली मेंढ्याच्या शिंगांची नक्षी निळ्यात बसते, निळ्यातली लालात. एका कापात दोन गालिचे होतात. लग्नाआधीपासून दोघी बहिणी असंच करत, एक हिचा, एक तिचा. लाल रंग कायम आईच्या पद्धतीचा, तो बुबुसाराकडे. अकरा वर्षांपूर्वी अनिपा कुठल्याशा दुकानाचं ऐकून, न विचारता, आपल्या वाटचा नमदा राखाडी रंगवून घेऊन आली.

"आईच्या लालात राख कालवायला निघालीस?" बुबुसारा चार पाहुण्यांसमोर बोलली. अनिपानं नमदा गुंडाळला आणि ती निघून गेली. शब्द काही फार मोठे नव्हते, पण मागे घ्यायचे राहून गेले.

तेव्हापासून बुबुसारा एकटीच कापायची. दोन्ही गालिचे तिचेच. दुसरा उचलून बाजूला ठेवताना दर वेळी तिला रडू यायचं, आणि रंगाच्या वाफेनं डोळे झोंबतात असं ती साकिनला सांगायची.

"शिंगं बारीक हवीत यंदा," ऐझिरेक म्हणाली. तिचा आवाज बसला होता.

"का? मेंढा म्हातारा झाला तुमचा?"

कुणी हसलं नाही.

"आणि जोडी हवी, आपा. समोरासमोरच्या भिंतींवर लावतात. एकातली नक्षी दुसऱ्यात दिसली पाहिजे." ऐझिरेकनं एक नमुना उचलला आणि परत ठेवला. "अनिपा आपांचा तो राखाडी नमदा अजून आहे. काल मी त्यांच्याकडेच होते, पाहिला. कापलेलासुद्धा नाही."

"अकरा वर्षं? एव्हाना कसर लागून चाळणी झाली असेल."

"दर उन्हाळ्यात ऊन दाखवायच्या त्याला. दुसऱ्या कुणाच्या लालावर ठेवणार नाही म्हणायच्या."

बुबुसारानं चहाचा पेला खाली ठेवला.

"तिनं पाठवलं तुम्हाला?"

"नाही," सोरोनबाय म्हणाले. "माझा मीच आलो, तुला घेऊन जायला."

"माझ्याबद्दल बोलते कधी?"

"बोलायची. लाल लोकर हातात आली की बोलायची."

भांडण असं संपणार असेल तर संपू दे, बुबुसाराच्या मनात आलं. ती या भांडणाला फार कंटाळली होती. ती उठली, डोक्याला रुमाल बांधला आणि आतून या शरदात रंगवलेला लाल नमदा घेऊन आली. इतका छान रंग बऱ्याच वर्षांत उतरला नव्हता. तो विकायचा नाही असं तिनं ठरवलं होतं, कुणासाठी ते मात्र स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"सुरी माझीच घेते," ती म्हणाली. "तिच्या सुरीला लोणीसुद्धा कापवत नाही."

साकिननं तिचा कोट आणला. "गुरांचं मी बघते."

"गुरांचं काय बघायचंय? संध्याकाळी परत येईन मी."

साकिन कोटाची बटणं लावत राहिली. बुबुसाराला हसू आलं, लहान मुलीला लावावीत तशी ती लावत होती. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिला इतकं हलकं वाटत होतं. नमदा काखेत मारून ती दारापाशी गेली आणि वळली.

"पण एक सांगून ठेवते, आके. मी थोरली आहे. आधी तिनं मला हाक मारायची, मगच मी तोंड उघडणार."

सोरोनबायनी तिच्या हातातली सुरी हळूच काढून घेतली.

"चल, बुबुसारा," ते म्हणाले. "बायका पाणी तापवून थांबल्यात. अनिपाच्या शेवटच्या आंघोळीला बहिणीचा हात हवा."