जसंच्या तसं

"वीजनिर्मिती ताबडतोब साठ मेगावॉटनं कमी करा," कंट्रोल रूममधून मी फोनवर सांगितलं. दुपारी सव्वाबाराचं ऊन रणरणत होतं, सौर पॅनल भरभरून वीज देत होते, पण रविवार म्हणून कारखाने बंद. ती घ्यायलाच कुणी नव्हतं.

पलीकडून सौर प्रकल्पावरच्या गावितांनी, नियमाप्रमाणे, माझं वाक्य जसंच्या तसं परत म्हटलं. हा फोन रेकॉर्ड होतो. दर सोमवारी आमचे साहेब ते रेकॉर्डिंग ऐकतात.

मग गावित म्हणाले, "मॅडम, संध्याकाळी आमच्याच गावात भारनियमन आहे. हीच वीज बॅटरीत साठवली असती तर?"

बॅटरीचा माझा प्रस्ताव कालच चौथ्यांदा परत आला होता. साहेबांचा शेराही तोच: 'पुढील आराखड्यात विचार व्हावा.'

माझं डोकंच फिरलं. "दुपारी वीज वाया घालवायची आणि संध्याकाळी गाव अंधारात ठेवायचं, हा शुद्ध मूर्खपणा आहे!"

मग गावितांचा खणखणीत आवाज आला, "दुपारी वीज वाया घालवायची आणि संध्याकाळी गाव अंधारात ठेवायचं, हा शुद्ध मूर्खपणा आहे. बरोबर, मॅडम?"

"अगदी बरोबर," मी म्हणाले. "साहेबांसाठी पुन्हा एकदा म्हणा."