ओळीतली जागा

"डावा हात कुठला, ते तरी ठाऊक आहे ना?" लोइसने विचारलं.

"बहुतेक," ड्वाइट हसला. पिकल्या केसांचा हा माणूस टाऊन हॉलमध्ये आज पहिल्यांदाच दिसत होता. नाचायला कोणी बोलावलं तर इथे नाही म्हणत नाहीत, म्हणून ती उठली होती.

जागा मात्र तिने स्वतः निवडली. हॉल लहान, ओळ एकच. सर्वांत वर, वादकांपाशी तिची धाकटी बहीण व्हर्ना पोस्टमनसोबत उभी होती. आईची मेपलची राई परस्पर विकून, लग्न करून ती दूर मेन राज्यात निघून गेली होती. लोइस लग्नाला गेली नाही. तिचा हात पुन्हा हातात घ्यायचा नाही, असं तिने तेव्हाच ठरवलं होतं.

"दोन-दोन जोड्यांचे चौकोन होतात," तिने ड्वाइटला समजावलं. "दर फेरीला एक जोडी खाली सरकते, दुसरी वर. सर्वांत वरची जोडी खाली जाते, आपणही खालीच जाणार. खाली जाणाऱ्या दोन जोड्यांची टोक येईपर्यंत गाठ पडत नाही."

"आणि उशिरा आलेले?"

"शेवटी उभे राहतात. मधे घुसले, तर त्यांच्याखालच्या सगळ्यांच्या दिशा उलटतात."

ड्वाइट मन लावून ऐकत होता. तेवढ्यात दारात एक म्हातारं जोडपं आलं.

"या ना आजोबा, इथे जागा आहे!" त्याने हात हलवला आणि त्यांना आपल्या वरच्या बाजूला घेतलं.

"अहो, आत्ताच काय सांगितलं मी?"

"चुकलं का?"

तोवर नाचाच्या चालींची हाळी देणाऱ्या ऑगस्टाने वरून मोजत चौकोन पाडायला सांगितलं होतं. लोइस आता वर जाणाऱ्यांत होती. फिडल सुरू झालं. मधेच ओळ सोडली, तर सगळ्यांचाच विचका झाला असता.

ती वर सरकत राहिली, व्हर्ना खाली. ड्वाइट दर फेरीला चुकत होता, माफी मागत होता.

मग समोर व्हर्ना आली.

"बायकांची साखळी!" ऑगस्टाने हाळी दिली. बायकांनी मधोमध उजवे हात धरायचे आणि समोरच्या पुरुषाकडे जायचं.

व्हर्नाचा हात गार होता. करंगळी आईसारखीच वाकडी. ताल निसटला, मागून कोणीतरी "चला, चला" म्हणालं, तरी दोघी तशाच उभ्या. शेवटी हात सुटले.

ड्वाइटने व्हर्नाला कमरेशी धरून अलगद वळवलं. या खेपेला एकही पाऊल चुकलं नाही.

"म्हटलं नव्हतं, तुझी ताई हात झिडकारणार नाही?" तो बायकोला म्हणाला.