टाळ्यांचं वाक्य

क्रोएशियातल्या पहिल्या खुल्या निवडणुकीतली पहिलीच सभा, झाग्रेबचा चौक खच्चून भरलेला, आणि नेमका प्रोफेसर ह्रेन यांचा घसा बसला. बेलग्रेडमधल्या केंद्र सरकारच्या अर्थकारणावर टीका केली म्हणून अठरा वर्षं त्यांना भाषणबंदी होती. बोलायचे ते फक्त कॉफीच्या टेबलावर. शेजारच्या टेबलावर पेपर उघडून श्तेफ बसायचा, पोलिसांचा खबऱ्या. सवयीनं तो आजही गर्दीत मागे उभा होता. प्रोफेसरांनी त्याला खुणेनं वर बोलावलं.

"प्रोफेसर, मी रिटायर झालोय हो!"

"मग मोकळाच आहेस. माझं सगळं तुला पाठ आहे. बोल."

श्तेफ बोलला, आकड्यांसकट, मधे मधे प्रोफेसरांसारखंच खाकरत. "कमवायचं क्रोएशियानं आणि उडवायचं बेलग्रेडनं, हे आता बस्स!" यावर तर टोप्या उडाल्या, माझी अजून सापडलेली नाही. याच वाक्यापायी प्रोफेसर दोन वर्षं तुरुंगात होते.

"हे मी कधी बोललोच नव्हतो," प्रोफेसर कुजबुजले. "कोर्टातही घसा फोडून सांगत होतो."

"माहितीये. त्या आठवड्यात तुम्ही नुसतं सर्दीवर बोललात. मला रिपोर्ट तर द्यायचा होता."

गर्दी प्रोफेसरांच्या नावानं ओरडत होती. त्यांनी हात हलवला.

"शनिवारी ओसियेकला सभा आहे," ते म्हणाले. "तिथल्यासाठी असंच आणखी एखादं वाक्य रचून ठेव."