वायर पुरत नाही

“बिनवायरचाच घे,” बायको म्हणाली. “अण्णांच्या खोलीत बसून काम करता येईल तुला.”

तिने हे इतकं सहज म्हटलं की दुकानदारालाही हुरूप आला. बिनवायरचा कीबोर्ड उचलून तो थेट दुकानाच्या दारात जाऊन उभा राहिला आणि तिथून टाइप करू लागला. इकडे काउंटरवरच्या पडद्यावर अक्षरं उमटत होती. हौशी माणूस, अजून थोडं कौतुक केलं असतं तर रस्ता ओलांडून पलीकडे गेला असता.

“बघा साहेब. घरात कुठेही बसा.”

नेमकं तेच तर नको होतं.

काल नवऱ्याच्या हातून जुन्या कीबोर्डवर चहा सांडला, तो खरोखरच चुकून. पण त्या कीबोर्डच्या वायरीचा त्याला केवढा आधार होता, हे त्याचं त्यालाच ठाऊक. मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकायची आणि शब्द न् शब्द टाइप करून द्यायचा, हा त्याचा घरबसल्याचा धंदा. अनोळखी माणसांचं खोकणं-खाकरणंसुद्धा तो कान देऊन ऐकायचा. बिनवायरचे हेडफोन कानाला, बोटं कीबोर्डवर. पडद्याकडे बघायची फारशी गरज नसे. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आणि वडिलांची खाट आतल्या खोलीत, दाराला लागूनच. अण्णांचं खाटेवरून उठणं बंद झाल्यापासून रोज आतून हाक यायची, “अरे, इकडेच बस की काम करत. मी मध्ये बोलणार नाही.”

आणि तो जागेवरूनच सांगायचा, “अण्णा, वायर पुरत नाही हो.”

यात खोटं काही नव्हतं. वायर पुरत नव्हतीच. पण ती पुरत नाही याचं त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटतं याची लाज वाटायची. अण्णा मध्ये बोलणार नाहीत हेही खरं होतं. ते नुसते बघत राहणार. तो मलमाचा वास, ती बंद खिडकी आणि आपल्या तोंडावर खिळलेले ते डोळे. पाच मिनिटांत त्याचा जीव गुदमरायचा. बापाचा कंटाळा येतो, हे वाक्य त्याने मनातसुद्धा कधी पुरं केलं नव्हतं.

“ऐन कामात बॅटरी संपली की पंचाईत,” तो म्हणाला.

“महिनोन् महिने जाते हो,” दुकानदार दारातूनच म्हणाला.

“आणि अक्षर उमटायला वेळ लागतो. माझ्या वेगाला झेपायचं नाही ते.”

दुकानदाराला हे फारच लागलं. त्याने धडाधड बोटं चालवली. पडद्यावर तितकीच धडाधड अक्षरं आली. ज्याला नाचता येत नाही त्याला अंगण वाकडं दिसतं. ज्याला नाचायचंच नाही त्याने काय सांगावं?

“सवय असते एकेकाची,” तो कुणाकडेच न बघता पुटपुटला.

“बरं बाबा, तुझं काम तुला माहीत,” बायको म्हणाली आणि वायरचा कीबोर्ड तिनेच पुढे सरकवला. तिचा विश्वास बसला होता. तिने भांडण केलं असतं तर परवडलं असतं.

घरी येऊन तो चपला काढतोय तोच आतून हाक आली, “आणलास का रे?”

सकाळी सुनेने त्यांच्या कानावर घातलं असणार. तो आत गेला. अण्णांची दाढी झालेली होती. अंगात धुतलेला शर्ट होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. दिवसभर त्यांचं करायला येणाऱ्या मावशींकडून त्यांनी खाटेशेजारी खुर्ची मांडून घेतली होती आणि पुढ्यातल्या स्टुलावरच्या औषधाच्या बाटल्या खिडकीत हलवल्या होत्या. खिडकीही आज उघडी होती.

“साहेबांचं ऑफिस तयार आहे,” अण्णा म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

त्याच्या हातात खोका होता. खोक्यावर कीबोर्डचं चित्र होतं, चांगलं वायरीसकट. त्याने खोका उलटा करून छातीशी धरला.

“नाही मिळाला, अण्णा. बिनवायरचा सगळीकडेच संपलाय म्हणे.”

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की बायको मागे दारातच उभी आहे. धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं. ती एक शब्द बोलली असती तरी सगळं उघडं पडलं असतं. पण पुढे होऊन तिने त्याच्या हातातला खोका काढून घेतला आणि त्याच्याकडे न बघता बाहेर गेली.

अण्णांचा चेहरा जरासा उतरला. पण मुलाची मान खाली गेलेली पाहून ते आपलं विसरले आणि त्याचीच समजूत घालू लागले.

“जाऊ दे रे. एवढं काय मनाला लावून घेतोस? उन्हातान्हाचा किती दुकानं हिंडला असशील माझ्यापायी.” त्यांनी हात लांब करून खुर्ची थोडी जवळ ओढली. “घाम बघ किती आलाय तुला. बस.”